पवनचक्की पाऊस पळवते का? पारावरच्या एका संशयाची पायरी-पायरीनं झडती

"पंखं आलं आन् पाऊस गेला." आमच्या आबांचं हे वाक्य मी गेली वीस-बावीस वर्षं ऐकतोय. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. माण तालुक्यात दहिवडीच्या पुढं आमचं गाव, समोरच्या डोंगरावर पवनचक्क्यांची रांग, आणि मे महिन्यात खाली रस्त्यावर टँकरची रांग. आबांचं म्हणणं असं की हे पंखे ढग पांगवतात, कंपन्यांना ते माहीत आहे, सरकारलाही माहीत आहे, आणि शास्त्रज्ञांची तोंडं बंद केलीत.

ही एकट्या आबांची कल्पना नाही. २००२ ते २००४च्या दुष्काळात, जनावरं छावणीत बांधलेली असताना, साताऱ्या-सांगलीच्या पूर्व भागात गावोगाव हेच बोललं जायचं. मी आबांशी कित्येकदा वाद घातला आणि दरवेळी हरलो. कारण मी सुरुवातच "आबा, असं काही नसतं" इथून करायचो. त्यावर ते म्हणायचे, "तू बघितलंस का?" मी काहीच बघितलेलं नसायचं.

आबांना हसायचा हक्कही मला नव्हता. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, त्या रात्री "धरणाला तडा गेलाय, तासाभरात पाणी येणार" अशी एक व्हॉइस क्लिप मला आली. मी ती ऐकली आणि पुढच्या मिनिटाला सांगलीतल्या बहिणीला पाठवली. ती दोन लेकरं आणि आजारी सासूबाईंना घेऊन भर पावसात गच्चीवर जाऊन बसली. धरणाला काहीही झालेलं नव्हतं. क्लिपमधला आवाज कुणाचा, हे मला आजही माहीत नाही. शिकलेला माणूस म्हणून मिरवणाऱ्यानं हे केलं. त्यानंतर मी स्वतःसाठी एक पद्धत बसवली आणि पहिली तपासणी आबांच्या पवनचक्कीची केली. तीच इथं मांडतो. तुमच्याकडं दुसरा कुठला संशय असेल तर पवनचक्कीच्या जागी तो ठेवा.

पहिली पायरी: पेंढी सोडा

कडबा आतून किडलाय का, हे पेंढी सोडल्याशिवाय कळत नाही. "पंखं आलं आन् पाऊस गेला" हे दिसायला एक वाक्य, पण आत निदान पाच दावे बांधलेत. एक, आमच्याकडचा पाऊस खरंच कमी झाला. दोन, तो पवनचक्क्या आल्यानंतर कमी झाला. तीन, तो पवनचक्क्यांमुळेच कमी झाला. चार, कंपन्यांना हे ठाऊक आहे. पाच, सरकार ते लपवतंय.

कागद घ्या आणि हे खरोखर लिहा. बोलताना माणूस पाचव्यावरून पहिल्यावर आणि पहिल्यावरून चौथ्यावर उड्या मारतो. तुम्ही पावसाचं बोललात की तो म्हणतो "कंपन्या काय साध्या आहेत का?", कंपन्यांचं बोललात की म्हणतो "मग पाऊस का नाही?" कागदावर ही पळवाट बंद होते. आणि क्रम महत्त्वाचा. पहिला दावा कोसळला तर पाचव्यावर भांडण्यात अर्थच उरत नाही.

लिहिताना समोरच्याचं म्हणणं त्याच्या तोंडून घ्या. मी पहिल्यांदा लिहिलं होतं, "पवनचक्क्या पाऊस पूर्ण थांबवतात." आबा चिडले. "पूर्ण कवा म्हणलो मी? कमी करत्यात म्हणलो." बरोबर होतं त्यांचं. फुगवून लिहिलेला दावा पाडणं सोपं असतं, पण त्यातून हाती काही लागत नाही.

दुसरी पायरी: जे घडलं म्हणता, ते घडलं का?

माझा सगळ्यात जास्त वेळ इथं गेला आणि तो सत्कारणी लागला.

आबांकडं एक वही आहे. शाळेची, दोनशे पानी, पुठ्ठ्याला मेणकापड लावलेली. १९८३ पासून ते त्यात पेरणी आणि नक्षत्रं टिपतात. मिलिमीटर वगैरे काही नाही. "मृग कोरडा. आर्द्रा भुरभुर. हस्त चांगला, वढा आला." एका वर्षाच्या पानावर फक्त "बैल विकला" एवढंच आहे. ही वही माळ्यावरून खाली काढून आम्ही दोघं एका दुपारी बसलो. मी वाचत होतो, आबा ऐकत होते. पवनचक्क्यांच्या आधीच्या पानांपैकी निम्म्याच्या आसपास पानांवर "कोरडा" हा शब्द होता. आबांच्याच अक्षरात. आणि पंखे उभे राहिल्यानंतरच्या २००५च्या पानावर: "वढा धा दिस व्हाता."

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ल्हानपणी पाऊस लई असायचा."

लहानपण म्हणजे कधी? आबा सतरा वर्षांचे होते तेव्हा १९७२चा दुष्काळ पडला. दुष्काळी कामावर खडी फोडायला ते गेले होते. मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडीच्या गोष्टी त्यांनीच आम्हाला सांगितल्यात. तेव्हा डोंगरावर एकही पंखा नव्हता. त्याच्याही आधी, १८७६-७८च्या दुष्काळानं दख्खन भाजून काढली होती. आठवण खोटं बोलत नाही, पण ती निवड करते. भरलेला ओढा लक्षात राहतो, आणि भुरभुर झालेली आर्द्रा वहीत राहते.

वही नसेल तर काय करायचं? महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर पाहता येतो. जुन्या नोंदी तहसील कचेरीत मागता येतात. दहा-वीस वर्षांचे आकडे घ्या, दोन-तीन वर्षांचे नको. आमच्या भागात एका वर्षी दुप्पट आणि पुढच्या वर्षी निम्मा पाऊस पडणं ही नवलाची गोष्ट नाही, त्यामुळं दोन वर्षांवरून काहीही सिद्ध करता येतं. आणि सरासरी काय आहे हे आधी बघा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर असलेल्या दहिवडीला पाचशेच्या आत-बाहेर. पश्चिमेचे वारे सह्याद्री चढताना गार होतात, तिथं पाऊस पाडतात, आणि आमच्याकडं उतरताना तापून कोरडे होतात. वाईहून पाचगणीचा घाट चढताना जुलैत हा फरक अर्ध्या तासात अंगावर येतो. डोंगराची ही पर्जन्यछाया पवनचक्क्यांपेक्षा काही कोटी वर्षं जुनी आहे.

तिसरी पायरी: आधी-नंतर पुरेसं नाही, इथं-तिथंही बघा

"आल्यानंतर झालं" आणि "आल्यामुळं झालं" यांत अंतर आहे, हे सगळेच सांगतात. ते मोजायचं कसं, ते कुणी सांगत नाही. साधी रीत अशी: चार रकाने करा. कारण होतं आणि परिणाम झाला. कारण होतं पण परिणाम झाला नाही. कारण नव्हतं तरी परिणाम झाला. कारणही नाही, परिणामही नाही. माणसाच्या डोक्यात फक्त पहिला रकाना भरतो. बाकीचे तीन मुद्दाम भरावे लागतात.

पहिल्या रकान्यात २००२-०४. दुसऱ्यात २००५, २०१९, २०२१: पवनचक्क्या होत्या, वाढल्याही होत्या, आणि कृष्णाकाठ बुडाला. तिसऱ्यात १९७२. शिवाय एक गोष्ट, जी आबांना मीही उशिरा सांगितली: २००२ साली सगळ्या देशाचाच मान्सून सरासरीपेक्षा १९ टक्के कमी होता. राजस्थानात जनावरं मेली ती काय आमच्या डोंगरावरच्या पंख्यांमुळं? योगायोग एवढाच की साताऱ्यात पवनचक्क्या नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या आणि देशात दुष्काळ पडला. नवी वस्तू डोळ्यांसमोर होती, संशय तिच्यावर गेला.

चौथी पायरी: हे होतं कसं, ते हातानं दाखवा

पंखा ढग ढकलतो म्हणजे नेमकं काय करतो? घरातला पंखा वीज खाऊन वारा सोडतो. पवनचक्की उलटी आहे, ती वारा खाऊन वीज देते. म्हणजे ती फुंकर मारतच नाही. आबांना हे मी टेबलफॅनची पिन काढून, पात्यांवर फुंकर मारून दाखवलं. पाती हलली. "आता आबा, वारा कुणी सोडला?" पुस्तकातली आकृती दाखवून हे पटलं नसतं.

मग उंची. पात्याच्या टोकासकट पवनचक्की शंभर-सव्वाशे मीटरची. आमच्याकडचा खरा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरातला, परतीचा. त्याचे गडगडाटी ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतात. आणि तो पाऊस बहुतेकदा पूर्वेकडून येतो. पवनचक्क्यांची मोठी गर्दी असलेली वांकुसवडे, चाळकेवाडीची पठारं आमच्या पश्चिमेला. तिथले पंखे पूर्वेकडून येणारा ढग अडवणार कसे?

ताकदीचाही हिशेब करून पाहा, मजा येते. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. तेवढ्या वाफेचं पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते, ती विजेच्या बिलाच्या भाषेत जवळजवळ सात लाख युनिट. एक मेगावॉटची पवनचक्की रात्रंदिवस पूर्ण ताकदीनं महिनाभर फिरली तर एवढी वीज होते. आणि ही एका किलोमीटरवरची एका मिलिमीटरची गोष्ट. पाऊस पडतो तो शेकडो किलोमीटरवर.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की पवनचक्क्यांच्या मागं वारा मंदावतो, हवा घुसळली जाते आणि जमिनीलगतचं तापमान थोडं बदलतं, हे मोजलेलं आहे. परिणाम शून्य नाही. पण जमिनीलगतच्या हवेची घुसळण आणि तालुक्याचा पाऊस यांत बैल आणि मुंगीएवढा फरक आहे. "काहीच होत नाही" म्हणाल तर पुढं कुणी हा मुद्दा काढला की तुमची उरलेली बाजूही पडेल.

पाचवी पायरी: फोटो कुठला?

ही लवकर उरकते. चुलतभावाच्या फोनवर एक फोटो होता: पवनचक्क्यांच्या रांगा आणि प्रत्येकीच्या मागं पांढरी शेपटी. खाली मजकूर, "ढग कसे फाडतात पाहा, साताऱ्यातील सत्य". गुगल लेन्सला दिला. दोन मिनिटांत कळलं की तो फेब्रुवारी २००८चा, डेन्मार्कजवळच्या समुद्रातल्या हॉर्न्स रेव्ह पवनक्षेत्राचा गाजलेला फोटो आहे. पंख्यांनी गार आणि दमट हवा एकमेकांत मिसळली आणि मागं धुकं धरलं, असं त्याचं स्पष्टीकरण आहे. म्हणजे ढग पांगवल्याचा म्हणून फिरणारा फोटो धुकं तयार झाल्याचा निघाला. आणि फोटोत पवनचक्क्यांच्या खाली समुद्र आहे. साताऱ्यात समुद्र! हे आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. व्हिडिओ असेल तर थांबवून दोन-तीन ठिकाणचे स्क्रीनशॉट काढा आणि ते शोधा.

कृत्रिम पावसाच्या विमानांचंही असंच. "इमान फिरलं आन् ढग गेलं," असं म्हणणारे खोटं बोलत नव्हते. विमान फिरलं होतं. २००३ साली राज्यानं कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, नंतर सोलापूर भागात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही विमानातून ढगांवर प्रयोग केले. ढगात क्षार फवारून पाऊस वाढतो का ते बघायला ती विमानं गेली होती. बघितलेलं खरं, लावलेला अर्थ उलटा. अशा अफवेत बहुतेकदा खऱ्याचा एक खडा असतोच. तो शोधून समोरच्याला परत दिला की तो पुढचं ऐकतो.

सहावी पायरी: गुपित राखायला कुणी आणि कशासाठी?

आधी फायदा बघा. महाराष्ट्रात पवनचक्क्यांची सर्वांत जास्त वीज होते ती पावसाळ्यात, कारण तेव्हाच वारा जोरात असतो. मान्सून रोडावला तर पहिला फटका त्यांनाच. स्वतःच्या पिकात जनावरं कोण सोडेल?

मग किती जणांना गप्प बसावं लागेल ते मोजा. एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या, त्यांच्याकडून सोडून गेलेले तंत्रज्ञ, विद्यापीठातले हवामानवाले, गेल्या पंचवीस वर्षांत सत्तेत आलेले आणि सत्तेतून गेलेले सगळे पक्ष, शेतकरी संघटना, पत्रकार. आमच्या गावात कुणाच्या म्हशीला किती दूध ते दुपारपर्यंत वेशीला कळतं, आणि हे पंचवीस वर्षांत फुटलं नाही?

"मग कट नसतातच का?" आबांनी विचारलं. असतात की. आपल्याच मातीत झालाय. १९४२ ते १९४६ तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. १९४३ साली शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम काढून घेतली. पण तो कट कसा होता ते बघा. त्याचा हेतू स्पष्ट होता. मुदत काही वर्षांची होती. आणि तो आहे, हे खुद्द इंग्रजांना माहीत होतं. लपवलेलं होतं ते आज कोण कुणाच्या घरी जेवतंय एवढंच. तेवढं लपवायलाही गावंच्या गावं लागली, तरी माणसं पकडली गेली, खबरे निघाले, आणि स्वातंत्र्यानंतर त्यात असलेल्यांनी सगळं स्वतःच सांगितलं. खरा कट मागं नावं, तारखा, खटले ठेवून जातो. आबांच्या कटात पंचवीस वर्षांनंतरही एक नाव नाही.

इथं एक चकवा आहे. "पुरावा सापडत नाही म्हणजेच तो किती नीट लपवलाय बघ." हे वाक्य आलं की वाद घालू नका, फक्त उलटून विचारा: पुरावा सापडला असता तर कट खरा, नाही सापडला तरी कट खरा, मग कट खोटा कधी ठरला असता? आबांनी यावर पान लावायला घेतलं. ते पान लावतात तेव्हा विचार करत असतात.

सातवी पायरी: हीच फुटपट्टी कोयनेला लावा

तुमची पद्धत प्रत्येक वेळी "खोटं" असाच निकाल देत असेल तर ती पद्धत बिघडलेली आहे. म्हणून तिला मुद्दाम एक वेगळा दावा द्या. मी दिला तो असा: "धरणामुळं भूकंप झाला." ऐकायला हाही पारावरचाच वाटतो. पाणी साठवलं म्हणून जमीन हलते?

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली. आता पायऱ्या चढा. घडलं का? मोजलेलं आहे. आधी-नंतर? जलाशय १९६२च्या सुमारास भरायला लागल्यावर धक्के सुरू झाले. इथं-तिथं? धक्के बहुतांश जलाशयाच्या दक्षिणेला, साधारण तीस बाय वीस किलोमीटरच्या एकाच पट्ट्यात, आणि पाण्याची पातळी चढ-उतरते त्याच्याशी त्यांचं नातं दिसतं. कसं होतं? पाण्याचं वजन आणि खडकाच्या भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब यांनी आधीच ताणलेला खडक सरकतो. आणि लपवलंय का? उलट, कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, आणि कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल भोक पाडून हे तपासलं गेलं. जलाशयानं चालना दिलेल्या भूकंपांचं उदाहरण म्हणून जगभर कोयनेचं नाव घेतात.

म्हणजे विचित्र वाटणारा दावा त्याच पायऱ्या चढून उभा राहिला. फक्त शब्द थोडा बदलला: धरणानं भूकंप "केला" नाही, ताण आधीच खडकात होता, पाण्यानं त्याला चालना दिली. हे आबांना सांगितल्यावर ते माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागले. तोपर्यंत त्यांना वाटत होतं की मी सरकारची बाजू घेतोय.

आठवी पायरी: मत कशानं बदलेल ते आधी लिहा

दोघांनीही लिहायचं. मी लिहिलं: पवनचक्क्यांच्या पट्ट्यातला पाऊस वीस वर्षं कमी होत गेला आणि पंखे नसलेल्या, तशाच पर्जन्यछायेतल्या शेजारच्या पट्ट्यातला झाला नाही, असे आकडे दिसले तर मी माझं म्हणणं मागं घेईन. आबांनी सांगितलं, मी लिहून घेतलं: "माज्या डब्यात आन् पलीकडच्या पाव्हण्याच्या डब्यात सारखाच पाऊस पडला तर."

डबा म्हणजे आम्ही केलेलं पर्जन्यमापक. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा पत्र्याचा डबा. झाडापासून आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर, वाऱ्यानं पडू नये म्हणून निम्मा मातीत पुरलेला. हवामान खात्याप्रमाणं रोज सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरून मिलिमीटर मोजायचे, वहीत लिहायचे, डबा पालथा करायचा. वरून निमुळता असलेला डबा चालत नाही, आकडा चुकतो. दुसरा डबा डोंगरापलीकडं आबांच्या साडूंकडं आहे. तिथून पंखे दिसत नाहीत.

हे सगळं बोलायचं कसं, त्याबद्दल दोन गोष्टी. पारावर, चार माणसांत कधीच नको. तिथं आबांना माघार घेता येत नाही, वयाचा मान असतो. मी घरी, संध्याकाळी, जनावरांना वैरण टाकताना बोललो. आणि एका बसण्यात एकच पायरी. आठ पायऱ्यांना आम्हाला दीड महिना लागला.

शेवटी आबा काय म्हणाले? पाऊस पळवतात असं आता ते ठासून म्हणत नाहीत, "डब्याचं बघू" म्हणतात. पण एका संध्याकाळी त्यांनी मला थांबवलं. "ऱ्हाऊ दे पावसाचं. डोंगरावर अवजड गाड्या न्ह्यायला रस्ता केला, त्यो आपल्या बांधावरनं गेला. ताल फुटली, खालच्या पट्टीत मुरूम व्हावून आला. त्याचं पैसं दिलं का कुणी? वीज हितनं जाती आन् हितं अंधार. ह्ये तरी खरं हाय का न्हाई?"

मी शेतात जाऊन बघितलं. ताल खरंच फुटलेली आहे, मुरुमाचा थर टाचभर आहे. त्यावर माझ्याकडं एकही पायरी शिल्लक नव्हती. आता तलाठ्याकडं द्यायचा अर्ज लिहितोय. गट नंबर, रस्त्याची रुंदी, वाहून गेलेल्या पट्टीची मापं झालीत. रस्ता कुठल्या साली झाला तेवढं आबा वहीत शोधतायत.